चेंबूरच्या बंगल्यात लॅप पूल: १९ मीटरच्या पट्टीत काय काय बसेल?

चाफा_चेंबूर

नमस्कार मंडळी. इथले सोलर आणि गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचे धागे वाचून बरंच शिकलेय म्हणून थेट विचारते. चेंबूरचा आजोबांचा बंगला पाडून मी आणि दादा मिळून नवा बांधतोय, तळ अधिक दोन मजले, प्लॅन अजून सबमिट व्हायचेत. घर आणि पूर्वेची कंपाउंड वॉल यांच्यामध्ये एक लांब पट्टी मोकळी राहतेय, १९ मीटर बाय साडेचार. मला तिथे लॅप पूल हवाय. शोभेला नाही, पोहायला. पालिकेच्या तलावात सकाळच्या बॅचला जाते ते आवडतं पण एका लेनमध्ये इतकी माणसं की पुढच्याचे पाय आपल्या नाकाशी.

दादाला (तो दुबईत, वर्षातून येऊन जाऊन) गच्चीवर इन्फिनिटी एज (काठ दिसत नाही, पाणी कडेवरून सांडतंय असा पूल) हवाय, पाण्यात बसून ट्रॉम्बेची टेकडी बघायची, निळे लाइट, एका टोकाला जकुझी. आर्किटेक्ट दोघांनाही हो हो म्हणतो. खालच्या पुलाचं जे पहिलं ड्रॉइंग दिलं त्यात पूल १२ मीटर आणि मधे गोड वळण, कारण म्हणे लूक सॉफ्ट होतो.

लांबी-रुंदी-खोली किती ठेवू, गच्ची की जमीन, ओव्हरफ्लो (पाणी कडेवरून चॅनलमध्ये सांडणारा) की स्किमर (भिंतीतल्या खाचेतून पाणी ओढणारा), मीठ की क्लोरीन, आणि पावसाळ्यात ह्या सगळ्याचं काय होतं? बजेट आहे, उधळायला नाहीये.

---

फ्रीस्टाइल_काका

>>पूल १२ मीटर आणि मधे गोड वळण

ताई, आधी ते वळण पुसायला सांगा मग पुढचं बोलू. लॅप पुलाला एक सरळ रेघ लागते आणि दोन टोकांना ओळंब्यात उभ्या भिंती. बाकी सगळं दादासाठी.

लांबीचं सांगतो. १५ मीटर सगळेच सुचवतात कारण आकडा गोल दिसतो, पण त्यात १ किमी मोजायला गेलात तर ६६ लेंथ (एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक) आणि वर दोन तृतीयांश, बसा हिशोब करत. १२.५ मध्ये ८० लेंथ बरोबर होतात पण भिंत इतक्या लवकर येते की पाय मारून ग्लाइड संपला, चार-पाच हात मारले की परत वळा. तुमच्या पट्टीत १६.६७ बसतो. तीन लेंथ म्हणजे ५०, सहा म्हणजे १००, साठ म्हणजे १ किमी. दोन्ही टोकांच्या आरसीसी भिंती आणि फिनिशिंग धरून अर्धा मीटर जाईल, चालायला जेमतेम १.८ उरेल, ते एकाच बाजूला ठेवा, दोन्हीकडे वाटू नका.

आणि हा आकडा टाइल लागल्यानंतरचा पाहिजे बरं का. कॉन्ट्रॅक्टर शटरिंगच १६.६७ ला लावून मोकळा होतो, मग प्लास्टर, वॉटरप्रूफिंग, अ‍ॅडहेसिव्ह, मोझेक असे थर चढून दोन्ही टोकांचे मिळून सात-आठ सेंटीमीटर गायब. ड्रॉइंगवर फिनिश्ड साइझ असं मोठ्या अक्षरात लिहून घ्या.

रुंदी २.५. स्पर्धेची लेनही २.५ चीच असते. खोली सगळीकडे एकसारखी, १.३ वगैरे. फ्लिप टर्नला (भिंतीशी कोलांटी मारून वळायला) दोन्ही टोकांना पाणी लागतं त्यामुळे उथळ टोक-खोल टोक ही भानगड नको. तळाला मधोमध काळी रेघ, ती भिंतीच्या २ मीटर आधी थांबली पाहिजे आणि तिथे आडवी टी. ती टी नसेल तर वळायचं कधी ते कळत नाही आणि टाच कोपिंगवर (पुलाच्या काठाच्या फरशीवर) आपटते. बॅकस्ट्रोक करत असाल तर टोकापासून ५ मीटरवर फ्लॅगची दोरी बांधायला हुक आत्ताच गाडून ठेवा, पाण्यापासून १.८ मीटर उंच.

पाण्यात उतरणाऱ्या रुंद शोभिवंत पायऱ्या अजिबात नकोत, त्या लांबी खातात. बाजूच्या भिंतीत पाय ठेवायच्या खोबण्या आणि वर दोन पाइपचे हँडल, पुरे. लाइट लांब भिंतीत लावा, टोकाच्या भिंतीत लावलेत तर रात्री प्रत्येक वळणाला डोळ्यात टॉर्च.

---

सळई

काकांना +१. आता गच्चीचं निकालात काढतो. १.३ मीटर पाणी म्हणजे दर चौरस मीटरला १३०० किलो, नुसतं पाणी. राहत्या घराच्या स्लॅबला आपण लाइव्ह लोड धरतो २०० किलोच्या आसपास, गच्चीला दीडशे. १६.६७ गुणिले २.५ गुणिले १.३ म्हणजे ५४ हजार लिटर, ५४ टन, आणि टाकीचं काँक्रीट जवळजवळ तेवढंच परत. शंभरावर टन दुसऱ्या मजल्याच्या डोक्यावर. नवीन बांधकाम आहे त्यामुळे करता येणार नाही असं नाही, कॉलम-बीम-फुटिंग सगळं जाड करून होतं, पण त्या जाडीचे पैसे दादाकडून घ्या. आणि गळती लागली की कुठून येतंय ते शोधायला खालच्या बेडरूमचं सीलिंग फोडावं लागणार.

जमिनीतला पूल सोपा वाटतो, पण त्याचा त्रास वेगळा आणि मुंबईत हमखास. पावसाळ्यात जमीन पाण्याने भरते आणि त्या वेळी पूल रिकामा असेल तर तो भरलेल्या बादलीत दाबून धरलेल्या रिकाम्या डब्यासारखा वर उचलला जातो. हे उगाच घाबरवायला सांगत नाहीये, हिशोबच करून दाखवतो. तुमच्या टाकीचं बाहेरून माप साधारण १७.१ बाय २.९५ बाय १.५५ खोल. भूजल जमिनीच्या पातळीपर्यंत आलं तर वर ढकलणारा जोर ७८ टन. २०० मिमीच्या भिंती आणि तळ धरून टाकीचं स्वतःचं वजन ५२ टन, टाइल-प्लास्टर धरून थोडं वर. पाणी भरलेलं आहे तोवर काही होत नाही. ज्या जुलैत कोणीतरी म्हणेल की यंदा पोहत नाही तर रिकामा करून घासून घेऊ, त्या जुलैत पूल एका कोपऱ्यातून वर येईल आणि पाइप तुटतील.

उपाय आहेत. तळाचा स्लॅब भिंतीच्या बाहेर चारही बाजूंनी काढायचा म्हणजे वरची माती त्याला दाबून धरते (कंपाउंडच्या बाजूला जागा मिळेल तेवढाच), स्लॅबखाली खडीचा थर आणि त्यातून एका सम्पपर्यंत (पाणी जमा व्हायच्या खड्ड्यापर्यंत) छिद्राचा पाइप, आणि तळाच्या ड्रेनमध्ये हायड्रोस्टॅटिक रिलीफ व्हॉल्व्ह, बाहेरचं पाणी चढलं की तो उघडतो आणि पाणी आत घेतो. पण मुळात खड्डा खणून बघा. चेंबूरमध्ये एका गल्लीत मुरूम लागतो, पुढच्या गल्लीत काळा पाषाण, कुठे नुसता भराव. पाषाण लागला तर ब्रेकर लावावा लागेल आणि शेजाऱ्यांची कंपाउंड वॉल जुनी असेल तर तिचे आधी फोटो काढून ठेवा, दोघांच्या सहीने.

काँक्रीट एम३० (मजबुतीची ग्रेड) च्या खाली नको, पाणी साठवणाऱ्या बांधकामांचा आयएस ३३७० आहे, डिझाइन त्याप्रमाणे मागा, म्हणजे भेगेची रुंदी ०.२ मिमीत ठेवायला सळई जवळ जवळ येते. तळ आणि भिंत यांच्या जॉइंटला वॉटर बार (सांध्यातून पाणी जाऊ नये म्हणून काँक्रीटमध्ये गाडायची पट्टी). तो साइटवर नीट बसलाय का हे स्वतः जाऊन बघा, कारण बहुतेक ठिकाणी तो शटरिंगच्या गडबडीत आडवा पडलेला असतो आणि त्यावरच काँक्रीट ओततात.

---

खडूस_मुलुंड

कोणीच विचारत नाहीये म्हणून मी विचारतो. माणशी दिवसाला १३५ लिटर हा शहरी पाणीपुरवठ्याचा ठोकताळा, म्हणजे ५४ हजार लिटरमध्ये ४०० माणसांचा एक दिवस निघतो. मे संपता संपता भातसा-तानसाचे आकडे खाली गेले की आमच्या सोसायटीत नळाला पाणी कधी येणार ह्यावरून भांडणं, आणि इथे एका माणसाला तीन लेंथमध्ये ५० मीटर व्हावेत म्हणून टाकी.

---

फ्रीस्टाइल_काका

खडूसराव, नावाला जागलात. पूल रोज भरत नाहीत हो. एकदा भरला की वर्षानुवर्षं तेच पाणी फिल्टर होऊन फिरतं.

---

पंपवाला

दोघांचंही अर्धं बरोबर आहे. पुलांचं मेंटेनन्स हाच माझा धंदा त्यामुळे आकडेच देतो. तुमचा पूल वरून साधारण ४२ चौरस मीटर. उन्हाळ्यात दिवसाला ५ मिमी बाष्पीभवन धरा, म्हणजे २०० लिटरच्या वर रोज उडून जातं. रात्री कव्हर टाकलंत तर ह्यातलं बरंच वाचतं. सँड फिल्टर असेल तर बॅकवॉशला (पाणी उलटं सोडून फिल्टर धुवायला) दर वेळी चार-पाचशे लिटर गटारात. कार्ट्रिज फिल्टर घेतला तर हे पाणी वाचतं, कार्ट्रिज काढून नळाखाली धुवायचं, पण ते काम माळी करणार नाही हे आधीच सांगतो. आणि गळका पूल असेल तर मात्र खडूस साहेब म्हणतात त्यापेक्षा वाईट.

गळतंय की उडतंय हे बघायची सोपी रीत सांगतो, पैसे पडत नाहीत. पंप बंद. एक बादली पुलाच्याच पाण्याने भरून खोबणीच्या पायरीवर अशी ठेवायची की आतलं आणि बाहेरचं पाणी एका पातळीत. बादलीच्या आत एक चिकटपट्टी, पुलाच्या भिंतीला एक. २४ तासांनी बघायचं. दोन्ही सारखं उतरलं तर ऊन. पुलाचं जास्त उतरलं तर गळती. मग पंप चालू ठेवून हेच परत करायचं, तेव्हा जास्त उतरलं तर पाइपलाइन गळतेय, टाकी नाही. नव्या पुलाला ही टेस्ट टाइल लावायच्या आधी करा, पूर्ण भरून निदान आठवडाभर ठेवा. कॉन्ट्रॅक्टर म्हणेल टँकरचा खर्च वाया जातो. जाऊ दे.

गळती निघते ती मोकळ्या भिंतीतून क्वचितच. लाइटच्या डब्यामागे, इनलेटच्या पाइपभोवती, मेन ड्रेनच्या कडेला. पाइप काँक्रीटच्या आधी पडल फ्लँज (पाइपभोवतीची कडी, कडेने पाणी झिरपू देत नाही) लावून बसवा. नंतर कोअर कटिंग करून घुसवलेला पाइप म्हणजे माझ्यासारख्यांची कायमची रोजीरोटी.

>>ओव्हरफ्लो की स्किमर

तुम्ही खरंच पोहणार असाल तर ओव्हरफ्लो. अरुंद पुलात तुमचीच लाट भिंतीला आपटून तुमच्याच तोंडात येते, ओव्हरफ्लोमध्ये ती कडेवरून चॅनलमध्ये पडते आणि पाणी शांत राहतं. पण मग बॅलन्सिंग टँक (सांडलेलं पाणी जमा होणारी टाकी) लागतो, चार-पाच हजार लिटरचा धरा, आणि पंपरूम. अन् मुंबईत पंपरूम खड्ड्यात करू नका!! बॅलन्सिंग टँक खाली असतो म्हणून सगळे पंपही खाली नेतात, पंपाला पाणी आपोआप मिळतं हा फायदा खराच आहे, पण एका जोरदार पावसात पॅनेलसकट सगळं पाण्याखाली. सेल्फ प्रायमिंग (खालचं पाणी स्वतः ओढून घेणारा) पंप घ्या आणि निदान इलेक्ट्रिक पॅनेल तरी जोत्याच्या वर. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पडला, तुमच्या मापाच्या पुलावर नुसतं आकाशातूनच ३९ हजार लिटर आलं असतं, आणि लाइट गेल्यावर ते उपसणार कोण. ओव्हरफ्लोच्या चॅनलला पंपाशिवाय उताराने थेट पर्जन्यवाहिनीकडे जाणारी वाट ठेवाच.

पंप साधारण ९ हजार लिटर तासाला फिरवेल असा, म्हणजे सहा तासांत सगळं पाणी एकदा फिल्टरमधून जातं. १ एचपीचा पंप आठ तास चालला तर ६ युनिट. व्हेरिएबल स्पीडचा महाग पडतो पण वेग निम्मा केला की वीज एक अष्टमांशावर येते (कागदावर, प्रत्यक्षात थोडी जास्त), हळू आणि जास्त वेळ चालवा.

---

मीनल_बोरिवली

आमच्या सोसायटीच्या पूल कमिटीवर आहे त्यामुळे दोन गोष्टी.

मुलं. तुमची नसतील, शेजारच्यांची, कामवाल्या मावशींची, दिवाळीत येणाऱ्या पाहुण्यांची असतील. १.३ मीटर म्हणजे सहा वर्षांच्या मुलाच्या डोक्यावरून पाणी. १.२ मीटरचं कुंपण, आडव्या पट्ट्या नसलेलं म्हणजे चढता येत नाही, आणि आपोआप बंद होणारं गेट, कडी आतून वर. काचेचं केलंत तर लक्झरीही दिसेल, दादा खूश. तळाला ड्रेन एक नको, दोन हवेत, एकमेकांपासून मीटरभर लांब आणि फुगीर जाळीचे. एकच असेल आणि त्यावर कोणी बसलं किंवा केस अडकले तर पंपाची ओढ माणसाला सोडत नाही. लाइट १२ व्होल्टचे, पूर्ण पुलाच्या लाइनला ३० मिलिअँपचं आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आणि हँडलपासून सगळ्या धातूला एकत्र अर्थिंग. इलेक्ट्रिशियनने "हो करतो" म्हटलं तर टेस्टचं बटण दाबून ट्रिप होतं का बघा.

दुसरं डास. पालिकेचा कीटकनाशक विभाग येतो आणि येऊन थेट बॅलन्सिंग टँकचं झाकण उघडायला लावतो. फिरत्या क्लोरीनच्या पाण्यात अळ्या होत नाहीत, पण तुम्ही गावाला गेलात आणि पंप बंद राहिला की होतात. झाकण घट्ट बसणारं करा.

---

टीस्क्वेअर

आर्किटेक्टला इतके शिव्या नका देऊ लोक्स, क्लायंट दोन आणि मतं तीन असली की वळण येतंच. :)

परवानगीचं कोणीच बोललं नाही म्हणून. ती पट्टी ही डीसीपीआर २०३४ (मुंबईची बांधकाम नियमावली) प्रमाणे सोडावी लागणारी मोकळी जागा असणार. त्यात पूल चालतो का, किती चालतो, हे आर्किटेक्टकडून लेखी घ्या आणि मंजुरीच्या प्लॅनमध्येच पूल दाखवा. ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) मिळाल्यावर गुपचूप खणू असा सल्ला कोणी देईल, घेऊ नका. पट्टीत झाडं असतील तर १९७५ चा वृक्षसंरक्षणाचा कायदा आहे, तोडायला परवानगी लागते. तुमच्या नावातला चाफा तिथेच असेल तर तो वाचवून पूल सरकवा, पानं रोज गोळा करावी लागतील पण नारळ असता तर जास्त काळजी होती.

लक्झरी म्हणाल तर माझं मत, पैसे कोपिंग आणि डेकवर घाला. काळा मोझेक फोटोत भारी दिसतो, पण त्यात काकांची काळी रेघ दिसणार नाही आणि पाण्याखाली कोणी असेल तर तेही दिसणार नाही. फिकट निळा-राखाडी ग्लास मोझेक, इपॉक्सी ग्राउट, टोकाच्या भिंतीवर जिथे पाय मारायचा तेवढा भाग मात्र खरखरीत टाइलचा, काचेवरून पाय सटकतो. डेकला लेदर फिनिश ग्रॅनाइट किंवा खडबडीत कोटा. पॉलिश ग्रॅनाइट लावलं तर पहिल्या पावसात कोणीतरी पडणार.

हीटर नको, मुंबईत कशाला. स्पर्धेचं पाणी २५ ते २८ डिग्री असतं, आपल्याकडे मे महिन्यात उघडा पूल त्याच्या वर जातो. घराची सावली दुपारनंतर पुलावर येईल, पूर्वेची जागा आहे ते चांगलंच झालं.

---

चाफा_चेंबूर

बाप रे, एका दिवसात इतकं! सगळ्यांना दंडवत. चाफा त्याच पट्टीत आहे, दक्षिणेच्या टोकाला, तो राहणार, तिथेच ती १.८ मीटरची जागा सोडतेय.

दादाला सळईंचा १३०० किलोचा हिशोब पाठवला. त्याचा रिप्लाय, "मग जकुझी तरी?" खडूस, तुमचा मुद्दा डोक्यातून जात नाहीये. गच्चीचं पावसाचं पाणी साठवून त्यातून टॉप-अप करता येईल का?

---

पंपवाला

येईल, पण नीट समजून घ्या. पावसाळ्यात पुलाला टॉप-अप लागतच नाही, उलट काढावं लागतं. लागतं ते फेब्रुवारी ते मे. रोजचे २०० लिटर म्हणजे चार महिन्यांचे २४ हजार, तेवढी टाकी जमिनीखाली बांधली तरच उपयोग. कव्हर वापरलंत तर निम्मी पुरेल. गाळून, क्लोरीन करून मगच सोडायचं.

---

खडूस_मुलुंड

टाकी बांधणार असाल तर माझा अर्धा विरोध मागे. अर्धा राहू दे. आणि जकुझी नको.

---

निवांत_ठाणे

मीठ की क्लोरीन राहिलंच की. मी ऐकलंय सॉल्ट पुलात क्लोरीन नसतं, डोळे चुरचुरत नाहीत म्हणून.

---

पंपवाला

असतं हो. मिठाच्या पाण्यातून वीज जाऊन मशीनच क्लोरीन बनवतं. फायदा इतकाच की रोज थोडं थोडं सारखं बनतं आणि पावडरचे डबे हाताळावे लागत नाहीत. डोळे चुरचुरतात ते बहुतेक वेळा पीएच बिघडल्याने किंवा घाम-लघवीशी क्लोरीनची क्रिया होऊन. पीएच ७.२ ते ७.६, फ्री क्लोरीन १ ते ३ पीपीएम (दहा लाखात इतके भाग), टेस्ट किट चाफाताईंनी स्वतः वापरायला शिकावं, माणसावर सोडू नये. मोठ्या पावसानंतर दोन्ही तपासायचं कारण पाणी पातळ होतं.

मीठ लागतं ३५०० पीपीएमच्या आसपास, समुद्राच्या दहावा हिस्सा, तुमच्या पुलाला सुरुवातीला १९० किलो. पण मग स्टीलचं सगळं ३१६ ग्रेडचं घ्या. ३०४ चे हँडल मुंबईच्या हवेतच डाग धरतात, मिठात तर बघायला नको. मी तुमच्या जागी असतो तर मीठच घेतलं असतं.

पालिकेचं पाणी तलावांचं आहे, मऊ. त्यात कॅल्शियम कमी असतं आणि असं पाणी सिमेंटमधून कॅल्शियम ओढून घेतं, सांधे खरखरीत होतात. पहिल्यांदा भरल्यावर हार्डनेस मोजून कॅल्शियम क्लोराइड टाकून २०० पीपीएमच्या वर न्या. बोअरवेलचा टँकर आणलात तर उलटं, पांढरे थर आणि मशीनच्या सेलवर खपली.

---

सळई

वेळापत्रक राहिलं. खोदाई दसऱ्यानंतर, पाऊस पूर्ण गेल्यावर. काँक्रीट होळीच्या आत संपवा, होळीला कामगार गावी गेले की कधी परततील ते देव जाणे. एप्रिलमध्ये पाणी भरून टेस्ट, मेमध्ये वॉटरप्रूफिंग आणि मोझेक. भिंतीबाहेरचा भराव टेस्ट पास झाल्यावरच, थर देऊन ठोकून. आणि काही कारणाने काम लांबून जून उजाडला तर टाकी रिकामी ठेवायची नाही, टाइल नसल्या तरी भरून ठेवायची. हे कॉन्ट्रॅक्टच्या कागदावर घाला.

---

चाफा_चेंबूर

घालते. आर्किटेक्टकडे शनिवारी मीटिंग आहे, हा धागाच प्रिंट काढून नेतेय. १६.६७ फिनिश्ड, २.५, १.३, ओव्हरफ्लो, पॅनेल जोत्याच्या वर, ड्रेन दोन, टाकी पावसाच्या पाण्याची. लूक सॉफ्ट राहणार नाही बहुतेक. ट्रायल पिटचा (चाचणीच्या खड्ड्याचा) माणूस पुढच्या आठवड्यात येतोय, काय लागलं ते इथे लिहीन.

---

पंपवाला

पिटमध्ये पाणी लागलं तर पातळी खुंटीवर मार्क करून ठेवा, दोन दिवसांनी परत बघा. आणि एक राहिलं, पूल भरल्यावर मीठ लगेच टाकायला लावतील, ऐकू नका. सिमेंटचं काही नवीन असेल तर महिनाभर साधं क्लोरीन, मग मीठ.